इंदुरात मराठी नाटकात भूमिका कशी मिळते?

तुझ्या प्रश्नातून मला जे समजलं ते असं. वय २७, घर राजेंद्रनगरात, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत. कॉलेजात असताना युवा उत्सवात दोनदा एकांकिका केलीस. गेल्या वर्षभरात दोन संस्थांच्या ऑडिशनला जाऊन आलीस, दोन्हीकडे ‘छान वाचलंस, कळवतो’ म्हणाले आणि पुढे कोणी काही कळवलं नाही. आता विचारतेस की चांगले फोटो काढून घेऊ का, मुंबई गाठू का, की मराठीचा नाद सोडून हिंदी नाटकाकडे वळू. मला काका म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करतो.

आधी त्या ‘कळवतो’बद्दल. हा शब्द दिग्दर्शक म्हणून मी स्वतः इतक्या जणांना ऐकवलाय की त्यावर बोलायचा मला अधिकार आहे. ‘तुला अभिनय येत नाही’ असा त्याचा अर्थ फार क्वचित असतो. बहुतेक वेळा जागाच नसते आणि तोंडावर तसं सांगायचा धीर नसतो. हौशी संस्थेत पाच पात्रांचं नाटक ठरतं तेव्हा त्यातली तीन पात्रं दिग्दर्शकाच्या डोक्यात आधीच जाऊन बसलेली असतात. संहिता हातात आली की मी पहिल्यांदा कथानक बघतच नाही, पात्रांची यादी बघतो. दोन बायका, दोन पुरुष, एक म्हातारा. म्हातारा आहे का आपल्याकडे? आहे. तर मग पुढचं पान उलटायचं. म्हणजे नाटक निवडतानाच हाताशी असलेली माणसं मोजून झालेली असतात, आणि ऑडिशन ठेवली जाते ती उरलेल्या दोन जागांसाठी. त्यातली एक पन्नाशीच्या सासूची असली, तर तू कितीही सुरेख वाचलंस तरी ती तुझ्या वाट्याला येणार नाही. त्यामुळे दोन ‘कळवतो’ ऐकून खचू नकोस. दोन म्हणजे काहीच नाही.

खरा प्रश्न हा आहे की त्या मोजण्यात तुझं नाव कसं येईल.

त्यासाठी दिग्दर्शकाला कशाची धास्ती असते ते समजून घे. आपल्याकडे तालीम रात्री साडेआठला सुरू होते, कारण त्याआधी कोणी दुकानातून सुटत नाही की ऑफिसातून. दीड-दोन महिने रोज दोन-अडीच तास. एवढं करून स्पर्धेतला एक प्रयोग, नंतर नशीब असेल तर आणखी दोन-तीन. मानधन नाही, चहा-पोहे संस्थेचे, पेट्रोल आपलं. अशात पाचव्या आठवड्यात एक माणूस गळाला की बाकीच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. नवी मुलगी समोर उभी राहून स्वगत म्हणते तेव्हा मी तिचा आवाज ऐकतोच, पण मनात दुसराच हिशोब चाललेला असतो: ही चाळिसाव्या रात्री येईल का? आणि ते तीन मिनिटांच्या ऑडिशनमध्ये मला कळू शकत नाही. म्हणून मी ओळखीच्या, थोड्या कमी चांगल्या नटाला भूमिका देतो. हे अन्यायाचं वाटेल, आहेही थोडंसं. पण इंदुरातले बहुतेक दिग्दर्शक हेच करतात, आणि तू दिग्दर्शक झालीस तर तूही करशील.

म्हणून ऑडिशनची वाट बघण्यापेक्षा तालमीत शिरायची वाट शोध. प्रयोग बघायला जा, आणि प्रयोग संपल्यावर सरळ पार्किंगकडे न वळता मागच्या दाराने आत जा. नाटक आवडलं असेल तर काय आवडलं ते नेमकं सांग, ‘मस्त झालं’ नको. आणि विचार की पुढच्या नाटकाला काही काम आहे का. काम म्हणालीस की माणसं कान टवकारतात, कारण भूमिका मागणारे दहा येतात, काम मागणारा एखादाच.

सगळ्यात चांगलं काम म्हणजे प्रॉम्प्टिंग, विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला वाक्य पुरवायचं. लोकांना ते कमीपणाचं वाटतं. मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि नाटक म्हणून मला जे काही येतं त्यातलं निम्मं विंगेतल्या त्या स्टुलावर बसून आलंय. प्रॉम्प्टरला पूर्ण नाटक रोज ऐकावं लागतं, एकाच पात्राचं नाही. नट थांबलाय तो विसरला म्हणून की पॉझ घेतलाय म्हणून, हे त्याच्या श्वासावरून ओळखावं लागतं. चुकून पॉझमध्ये वाक्य फेकलंस तर त्याचे डोळे बघण्यासारखे असतात. एखादं वाक्य रोज त्याच जागी अडखळतं, तेव्हा दोष पाठांतराचा नसून त्या वाक्यामागचं कारण नटाला सापडलेलं नाही, हेही तिथेच कळतं.

एक किस्सा सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका मुलाला ऑडिशनमध्ये नाकारलं. आवाज ठीक होता, पण उभा राहिला की हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नसे. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, काही काम असेल तर सांगा. बसवला प्रॉम्प्टिंगला. पाचव्या आठवड्यात आमच्या एका बँकवाल्या नटाची रतलामला बदली झाली. या मुलाला अख्खं नाटक पाठ, मला वाटलं सुटलो. तो उभा राहिला, बोलायला लागला, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. हुबेहूब तो बदली झालेला नट! तेच हेल, तेच खाकरणं, ‘परंतु’च्या जागी ‘पण’ म्हणायची त्याची चूकसुद्धा. पुढचे दोन आठवडे आम्ही त्या मुलाच्या अंगातून दुसऱ्या माणसाला बाहेर काढत होतो. प्रयोग झाला, बरा झाला, बक्षीसबिक्षीस काही नाही. पण पुढच्या वर्षी संहिता हातात घेतली तेव्हा मोजायच्या माणसांत तो होता. तू प्रॉम्प्टिंगला बसलीस तर एवढं सांभाळ: वाक्य ऐक, त्याची चाल पाठ करू नकोस.

आता भाषेचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुला कोणी तोंडावर सांगितलं नसेल, पण दोनपैकी एका ठिकाणी तरी घोडं इथेच अडलं असण्याचा संभव आहे. तू लिहितेस की घरात मराठी, शाळा हिंदी-इंग्रजीची. आपल्या सगळ्यांचं असंच. आपण घरात सहज म्हणतो, ‘मी जाऊन राहिलेय’, ‘पाऊस पडून राहिलाय’. हिंदीत एकच च, एकच ज आणि एकच झ, मराठीत दोन-दोन. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून इथे वाढलेल्या पोरांच्या कानाला तो लागतच नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ज वेगळे आहेत. ‘चार’ वेगळा, ‘चारा’ वेगळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघ, जीभ दोन ठिकाणी लागली पाहिजे. एकाच ठिकाणी लागली तर काम आहे. ळ आणि ण यांचंही तसंच. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं की तिसऱ्या रांगेतली आजी चुळबुळते. स्पर्धेला महाराष्ट्रातून आलेले परीक्षक तर आधी हेच ऐकतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, शक्यतो जुनं गद्य नाटक, ज्यात लांब पल्ल्याची वाक्यं असतात. आठवड्यातून एकदा मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड कर आणि घरात महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेली एखादी काकू, आत्या, आजी असेल तर तिला ऐकव. ती हसेल, हसू दे. तीन-चार महिन्यांत फरक पडतो. पण आपली इंदुरी मराठी टाकून देऊ नकोस. ती लाजिरवाणी नाही, ती आपली बोली आहे, आणि इथल्या वाड्यातलं, इथल्या घरातलं नाटक कोणी लिहिलं तर ती पुण्याच्या नटाला सात जन्मांत येणार नाही. दोन्ही आल्या पाहिजेत आणि कधी कुठली बोलतोय हे आपल्या हातात असलं पाहिजे, इतकंच.

प्रत्यक्ष ऑडिशनबद्दल तू सगळ्यात जास्त विचारलंयस आणि माझ्याकडे सांगण्यासारखं त्यामानाने कमी आहे. दोन उतारे कायम तयार ठेव, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे, एक गंभीर, एक हलका. दोन्ही तुझ्याच वयाच्या बाईचे असू देत. एखाद्या थोर नटाने अजरामर केलेलं स्वगत घेऊ नकोस. ते सुरू झालं की समोरच्याच्या कानात तो थोर नट वाजायला लागतो आणि तू दिसेनाशी होतेस. रडण्याचा उतारा तर नकोच. ऑडिशनला येणारी दर दुसरी मुलगी रडते.

पण हौशी संस्थांत बहुधा तयार उतारा ऐकत नाहीत, तिथल्या तिथे एक पान हातात देतात. दोन मिनिटं मागून घे, कोणी नाही म्हणत नाही. त्या दोन मिनिटांत स्वतःची वाक्यं घोकू नकोस, समोरच्याची वाच. वाचताना कागद छातीच्या उंचीवर धर, तोंडासमोर नको. वाचून झालं की दिग्दर्शक काहीतरी बदल सांगेल: आता हेच जरा लपवून बोल, किंवा आता समजा तुला घाई आहे. खरी परीक्षा ही. पहिलं वाचन किती चांगलं झालं याला मी फारसं महत्त्व देत नाही. दुसऱ्यांदा वाचताना काही हललं का, ते बघतो. कितीतरी जण ‘हो हो’ म्हणून पुन्हा तेच, फक्त जास्त मोठ्याने वाचतात. सूचना कळली नाही तर विचार. विचारणारी मुलगी तालमीत सोपी जाते हे आम्हाला माहीत असतं.

तुझ्या युवा उत्सवाचा इथे थोडा अडथळाही होत असेल. तिथे एकांकिकेला ३० मिनिटं, प्रहसनाला तर १०च. घड्याळ उशाशी घेऊन केलेलं नाटक ते. सगळं वेगात, चढ्या आवाजात, प्रत्येक वाक्याला टाळी हवी. दोन अंकी नाटकात असं केलंस तर पहिल्या अंकातच प्रेक्षक दमतो. तिथे पंधरा-पंधरा मिनिटं काहीही न बोलता रंगमंचावर बसून राहावं लागतं, आणि ऐकत बसावं लागतं. हे शिकायचं तर चांगल्या नटांना बघ. आपल्या शहराइतकी सोय महाराष्ट्राबाहेर फार थोड्या ठिकाणी असेल. सानंद न्यास मुंबई-पुण्याची नाटकं आणतं, खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात, आणि सभासदांचे पाच गट असल्यामुळे शनिवारी दोन, रविवारी तीन असे पाच प्रयोग होतात. त्यातल्या एका गटाला राहुल बारपुते यांचं नाव आहे. बाबा डिके, त्यांची नाट्यभारती ही इथली नाट्यसंस्था आणि तिच्याशी जोडलेले, हिंदी पत्रकारितेत नाव कमावलेले बारपुते, डिके आणि बारपुते हे दोघे कोण होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार, संध्याकाळ जाईल. सांगायचा मुद्दा हा की एकच नाटक दोनदा बघ: शनिवारचा पहिला प्रयोग आणि रविवारचा शेवटचा. थकलेला नट कुठे काटकसर करतो, शनिवारी न आलेला हशा रविवारी कसा काढतो, हे बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. दुसऱ्यांदा बघणं जमत नसेल तर स्वयंसेवक म्हणून काही करता येईल का विचार.

वेळेचंही भान ठेव. इथल्या संस्था प्रामुख्याने स्पर्धेच्या निमित्ताने नाटक बसवतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीच्या आगेमागे किंवा नंतर येते. त्याआधी लेखकाची परवानगी, परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, प्रवेशिका ही सगळी कागदपत्रं लागतात. म्हणजे संहिता आणि पात्रं पावसाळ्यातच ठरतात. तू दोन्ही ऑडिशन कधी दिल्यास ते लिहिलं नाहीस. गणपती उठल्यावर गेली असशील तर तेव्हा फक्त नोकर आणि शेजारीण उरलेली असते. जून-जुलैमध्ये जा. आणि नोकर किंवा शेजारीण मिळाली तर घे.

फोटोचं लवकर संपवतो. स्टुडिओत पैसे घालू नकोस. एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा, खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, फिल्टर न लावता, भावाकडून काढून घे. सोबत चार ओळी: उंची, कुठल्या भाषा येतात (माळवी येत असेल तर जरूर लिही), कुठली कामं केलीस, आणि आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी तू मोकळी असतेस. ही शेवटची ओळ कोणी लिहीत नाही आणि मी सगळ्यात आधी तीच शोधतो. तुझी शिफ्ट असेल, महिन्यातून चार रात्री अमेरिकेचे कॉल असतील, तर तेही आधीच सांग. आधी कळलेली अडचण वेळापत्रकात बसवता येते. आणि ऑडिशनसाठी नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, ‘ग्रूमिंग’ची फी मागणारा कोणी भेटला तर चहाही न घेता उठ. नाटकवाले भूमिका देण्यासाठी पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे द्यायलाच नसतात, ही गोष्ट वेगळी.

रात्रीच्या तालमीबद्दल आईला काळजी वाटते असं लिहिलंयस. बरोबर आहे तिचं. पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचार की तालीम कुठे, किती वाजता सुटते, आणखी कोण बायका आहेत, राजेंद्रनगर-सुदामानगरकडे जाणारं कोण आहे. चांगल्या संस्थेत याची उत्तरं तयार असतात. एकटीला घरी बोलावून ‘भूमिकेवर काम करू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. एकदा आईलाच तालमीला घेऊन ये. आमच्याकडे एक आई अशीच आली आणि पुढची सहा वर्षं वेशभूषा सांभाळत होती.

मुंबईचं म्हणशील तर आत्ता नको. व्यावसायिक नाटकाचे महिन्याला इतके प्रयोग आणि दौरे असतात की नोकरी इंदुरात ठेवून ते जमत नाही, आणि अवंतिका एक्स्प्रेसने एका ऑडिशनसाठी रात्रभर प्रवास करून जाणं म्हणजे हौस झाली. मनापासून हेच करायचं असेल तर शिकायला जा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, तीन वर्षांचं. आपल्या भोपाळला २०११ पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचा नाट्यविभागही आहे. गीतकार स्वानंद किरकिरे आपल्या इंदूरचेच, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयातूनच पुढे गेले. पण दिल्लीला पदवीबरोबर सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात आणि वयाची मर्यादा तिशीची. तुझ्याकडे तीन वर्षं आहेत आणि दोन एकांकिका. म्हणजे वळसा घालून पुन्हा राजेंद्रनगरातच आलो: चार नाटकं इथेच करायची आहेत. प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, ज्यावर तुझं नाव छापलंय, जपून ठेव. बॅकस्टेजला असलीस तरी.

हिंदीकडे ‘वळायचं’ कशाला? दोन्ही कर. इथे कितीतरी जण मंगळवारी मराठी तालमीत असतात आणि शनिवारी हिंदी. हिंदी मंडळींकडे नुक्कड नाटकाची, म्हणजे पथनाट्याची, तालीम चांगली होते, आवाज खुलतो. फक्त एकाच वेळी दोन नाटकांना होकार देऊ नकोस. असा होकार देऊन एकाने रंगीत तालमीच्या दिवशी मला फोन केला होता. त्याचं नाव मी अजूनही यादी करताना आधी खोडतो.

आमचं वाचन पावसाळ्यात सुरू होईल. यंदा संहितेत दोन बायका आहेत, दोन्ही ठरल्यात, हे आत्ताच सांगतो. प्रॉम्प्टरची जागा रिकामी आहे. येणार असशील तर निरोप टाक, आणि येताना पेन नको, पेन्सिल आण. संहितेत रोज काटछाट होते, रबरही लागेल.